नाद करायचा नाय? का नाय?

गेल्या बकरी ईदला जेवणं आटोपल्यावर आमच्या आपानं मोबाइल सगळ्यांपुढं धरला. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, जर्मनीत म्यूनिकला नोकरी करतो. त्यानं सकाळी ईद मुबारकसोबत हिवाळ्यातला एक व्हिडिओ पाठवला होता. पांढराशुभ्र उतार, त्यावर हेल्मेट घातलेला एक माणूस, पायाखाली एक लांब अरुंद फळी. माणूस वळणात इतका कलतो की हातमोजा बर्फाला घासतो, मग उठतो, दुसऱ्या बाजूला तितकाच कलतो. मागं बर्फावर एक बारीक वळणदार रेघ उमटत जाते. अशी चार वळणं. पाचव्या वळणाला गडी आडवा झाला, वीस-पंचवीस फूट घसरत गेला आणि उठून हसायला लागला. तो आमचा भाचा.

खोलीत कुणी हसलं नाही. दुल्हाभाई म्हणाले, “नवी घ्यायची तर हजार युरोच्या पुढं जाते म्हणे ही फळी. एक फळी!” एक चुलते म्हणाले, “हे काय आपल्या लोकांचं काम आहे?” एका दाढीवाल्या नातेवाइकानं ‘लहव-लइब’ म्हणून विषय संपवला. म्हणजे खेळतमाशा, वेळेची नासाडी. आणि आपा माझ्याकडं वळली, “भाई, तू मास्तर आहेस. तूच समजव त्याला. नादाला लागलाय पोरगा.”

मी मान डोलावली. त्या खोलीत मी एक शब्द बोललो नाही. रात्री भाच्याला फोन केला, दीड तास बोललो, आणि समजवायला गेलेला मीच समजून आलो. तेव्हा जे बोलायला हवं होतं आणि बोललो नाही, ते आज इथं लिहितो आहे. नातेवाइकांना वाईट वाटलं तर त्यांनी पुढच्या ईदला माझा शीरखुर्मा बंद करावा.

आधी या शब्दाचं बघू. आम्ही कोल्हापूरची माणसं. ‘नादखुळा’ हा शब्द आम्ही महाराष्ट्राला दिला. आमच्या टी-शर्टवर, ट्रॅक्टरच्या मागच्या फळीवर, रिक्षाच्या काचेवर ‘नाद करायचा नाय’ लिहिलेलं असतं. जे काही उत्तम, अफाट, जिवावर उदार होऊन केलेलं, त्याला आम्ही नादखुळा म्हणतो. पण घरातल्या पोराला खरोखर एखाद्या गोष्टीचा नाद लागला, की तोच शब्द शिवी होतो. ‘नादाला लागला’ म्हणजे वाया गेला. टी-शर्टवर नाद चालतो, पोरात चालत नाही. हा दुटप्पीपणा फक्त आमच्या मोहल्ल्यात नाही. कोडोलीत कुठल्याही गल्लीत जा, कुठल्याही जातीच्या घरात जा, हेच ऐकाल. आमच्यात त्याला वरून दीनची फोडणी मिळते, एवढाच फरक.

आता ती फळी काय आहे ते सांगतो. कारण ज्यांनी तिला नावं ठेवली, त्यातल्या एकानंही ‘हे काय आहे’ असं विचारलं नव्हतं.

बर्फावरून उभं राहून घसरायच्या एकाच फळीला स्नोबोर्ड म्हणतात. साधा बोर्ड मधोमध पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो, साधारण माणसाच्या पावलाएवढा. त्यावर पावलं जवळजवळ आडवी ठेवतात, बूट मऊ असतात. भाच्याची फळी वेगळी. तिची मधली रुंदी अठरा-वीस सेंटिमीटर. एवढ्या अरुंद फळीवर पाऊल आडवं मावत नाही. म्हणून दोन्ही पावलं पुढं वळवून, पन्नास-साठ अंशांच्या कोनात, जवळजवळ एकामागं एक बांधावी लागतात. बूट कडक, प्लास्टिकच्या कवचाचे, स्कीवाल्यांसारखे.

अरुंद कशासाठी? कारण फळी खूप कलवायची असते. फळी रुंद घेऊन पाय आडवे ठेवले, तर कलताना बुटाची टोकं बर्फाला टेकतात, धार उचलली जाते आणि माणूस फेकला जातो. फळी अरुंद असली की ती जवळजवळ काटकोनात उभी करता येते आणि एका धारेवरून दुसऱ्या धारेवर झटकन जाता येतं.

खरी गंमत त्या धारेत आहे. फळीच्या दोन्ही कडांना स्टीलची पट्टी असते आणि त्या कडा सरळ नसतात, मध्ये आत गेलेल्या असतात. ती कड म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा. फळी कलवून तिच्यावर भार टाकला की ती धनुष्यासारखी वाकते, आणि धार बर्फात रुतून त्या वर्तुळावरूनच पुढं जाते. छोट्या वळणांच्या फळीचं वर्तुळ दहा मीटरच्या आसपास त्रिज्येचं, मोठ्या वळणांच्या फळीचं त्याच्या दुप्पट. बाकीचे लोक वळताना फळी आडवी घसटत नेतात, बर्फ खरवडला जातो, उतारावर रुंद पट्टा उमटतो. हा गडी बर्फ कापत जातो. मागं उरते ती फक्त रेघ. यालाच कार्व्हिंग म्हणतात, म्हणजे कोरणं.

ज्यांना जत्रेतला मौत का कुआँ आठवतो, त्यांना जोर कळेल. ताशी छत्तीस किलोमीटर वेगानं, म्हणजे सेकंदाला दहा मीटर, दहा मीटर त्रिज्येच्या वळणात माणूस गेला, तर त्याला बाहेर ढकलणारा जोर त्याच्या स्वतःच्या वजनाएवढा होतो. पडायचं नसेल तर त्याला पंचेचाळीस अंशांत कलावंच लागतं, आणि पायांवर दीडपटीच्या जवळपास भार येतो. हा हिशेब नववी-दहावीच्या विज्ञानाचा आहे. आमची पोरं सूत्र पाठ करतात. भाच्यानं ते गुडघ्यांनी शिकलं.

मी उर्दू शिकवतो, मराठीही शिकवतो. त्यामुळं व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मला ती रेघ ओळखीची वाटली. तख्तीवर तिरक्या कापलेल्या बोरूनं ‘नून’ काढतात, त्याची वाटी अशीच असते. कलम एकाच कोनात धरायची, हात थांबवायचा नाही, दाब वाढवत न्यायचा आणि सोडायचा. हात कचरला की वाटी फाटते. जुने खत्तात एकेका अक्षराची मश्क दिवसच्या दिवस करत. त्या उतारावर माझा भाचा एकामागं एक नून काढत होता. एक उजवीकडं उघडा, एक डावीकडं. पाचवा बिघडला.

त्याला नाद कसा लागला, ते त्यानं फोनवर सांगितलं. पहिला हिवाळा तो साध्या बोर्डवर शिकला. म्यूनिकहून आल्प्सचे उतार रेल्वेनं दीड-दोन तासांवर, कंपनीतले मित्र शनिवारी जायचे, हाही गेला. एकदा सकाळी लवकर, यंत्रानं दाबून सपाट केलेल्या ताज्या उतारावर, साठीतला एक माणूस अशा अरुंद फळीवरून गेला. भाचा म्हणाला, “मामू, मी त्याला नीट पाहिलंच नाही. तो गेल्यावर जवळ जाऊन त्याची रेघ पाहिली. वाकून बोट घातलं त्यात.” दुकानात विचारलं तर अशी फळी ठेवतच नाही म्हणाले. शेवटी त्याच म्हाताऱ्याला शोधून काढलं, त्याची जुनी फळी अर्ध्याहून कमी किमतीत घेतली, आणि शिकवणीसुद्धा त्याच्याकडूनच घेतली. दुल्हाभाईंनी ऐकलेली हजार युरोची फळी या पोरानं घेतलीच नव्हती. पण खोलीत तेही कुणी विचारलं नाही.

आणि मग तो पडला. आधी येत होतं तेही विसरला. पावलं पुढं वळलेली, कडक बुटांत घोटा हलत नाही, हळू चालीत ही फळी ऐकत नाही. जिथं साध्या बोर्डवर शाळकरी मुली मजेत खाली येत होत्या, तिथं हा अभियंता बसत-उठत येत होता. मनगट दुखावलं, तीन आठवडे पट्टी होती, जी त्यानं आपाला व्हिडिओ कॉलवर दिसू दिली नाही. दुसऱ्या हिवाळ्यात एका वळणाला अचानक आवाज थांबला. खरवडण्याचा तो करकर आवाज नाहीसा झाला, फक्त बारीक सूऽऽ, आणि फळीनंच त्याला वळणातून नेलं. एक वळण. “त्या दिवशी मी जेवायला थांबलो नाही मामू. लिफ्ट बंद होईपर्यंत ते वळण शोधत राहिलो. परत सापडलं नाही.” पुढच्या शनिवारी तो परत गेला.

बावीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल? मला हेवा वाटला. त्याचा नाही, त्या म्हाताऱ्याचा. कारण असा एक विद्यार्थी मिळावा म्हणून मास्तर जन्मभर वर्गावर जातो. पडूनही येणारा, कुणी मार्क देत नसताना सराव करणारा, स्वतःची चूक स्वतःच ऐकणारा. आम्ही बीएडला ‘आंतरिक प्रेरणा’ यावर पानंच्या पानं लिहून आलो. ती समोर जिवंत दिसते तेव्हा आम्हीच म्हणतो, नादाला लागला.

आता एकेका आक्षेपाकडं येतो.

पहिला पैशांचा. हा खेळ स्वस्त नाही, हे खरं. फळी, बूट, लिफ्टचं तिकीट, प्रवास, सगळ्याला पैसे लागतात. पण भाचा दर महिन्याला घरी पैसे पाठवतो, बहिणीच्या शिक्षणाचं कर्ज त्यानं फेडलं, जुनी फळी वापरतो. उरलेल्यातून तो बर्फावर जातो. त्याला हिशेब विचारणाऱ्या त्याच खोलीत एकानं गेल्या वर्षी मुलाच्या लग्नात मंडपावर आणि गाड्यांच्या ताफ्यावर जे उडवलं, त्यात अशा किती फळ्या आल्या असत्या ते मी मोजणार नाही. ते पैसे ‘इज्जतीला’ गेले म्हणून माफ. दुसऱ्याला दाखवायला केलेला खर्च आपल्याकडं खर्च धरत नाहीत. स्वतःला शिकवायला केलेला मात्र उधळपट्टी.

दुसरा आक्षेप जिवाचा. तो मी हलका धरत नाही. मनगट, खांदा, गुडघा जातो, वेगात दुसऱ्यावर आदळणं होतं, आणि अशा फळीच्या पट्ट्यांतून पाय पडताना सहसा सुटत नाही. भाचा हेल्मेट घालतो, पाठीला कवच लावतो, गर्दी होण्याआधी सकाळी उतरतो. आईच्या काळजीला मी हात जोडतो. पण ज्या चुलत्यांनी ‘हाडं मोडून घेईल’ म्हटलं, त्यांचा सतरा वर्षांचा नातू त्याच संध्याकाळी बिनहेल्मेट, तिघांना घेऊन वारणानगरच्या रस्त्याला मोटारसायकल पळवत होता. त्याला कुणी समजवायला मास्तर पाठवला नाही.

तिसरा आक्षेप दीनचा. मी आलिम नाही, फतवा देत नाही. पण हदीसच्या किताबांत जे आहे ते मीही वाचलं आहे. रसूलुल्लाह (सल्लल्लाहु अलैहि वसल्लम) यांनी हजरत आयेशांसोबत धावण्याची शर्यत लावली होती. ईदच्या दिवशी हबशी लोक मस्जिदीत भाल्यांचे खेळ करत होते, आणि ते पाहता यावेत म्हणून आपण स्वतः हजरत आयेशांना आडोसा देऊन उभे राहिले, त्यांचं मन भरेपर्यंत. ईदचाच दिवस होता, मंडळी. आणि आम्ही ईदच्या दिवशी एका पोराच्या हसण्यावर लहव-लइबचा शिक्का मारला. खेळापायी नमाज सुटली, रोजगार बुडाला, आईबाप वाऱ्यावर पडले, पैजेचा जुगार शिरला, तर ते गैर आहे, आणि मी स्वतः त्याचा कान धरीन. यातलं काहीही इथं नाही. मग उरतं काय? उरतो फक्त आनंद. आणि आनंदालाच हरकत घ्यायची असेल तर तसं सरळ म्हणा, दीनच्या आड लपू नका.

चौथा आक्षेप मला सर्वांत जास्त लागला. ‘हे काय आपल्या लोकांचं काम आहे?’

कोणाचं काम आहे मग? स्नोबोर्ड कुणा राजघराण्यातून आला नाही. 1965 साली अमेरिकेत मिशिगनमध्ये शेर्मन पॉपेन नावाच्या बापानं नाताळच्या दिवशी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकत्र ठोकल्या, ते हे खेळणं. सुरुवातीला अनेक स्की-उतारांवर स्नोबोर्डला बंदी होती. स्कीवाल्यांनाही वाटायचं, हे काय आपल्या लोकांचं काम आहे? 1998 साली नागानोच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्ड आला. त्याच काळात स्नोबोर्डवाल्यांची हवा उड्या आणि कसरतींकडं गेली, बहुतेक मोठ्या कंपन्यांनी अरुंद फळ्या सोडून दिल्या, आणि बिरादरीत अरुंद फळीवाले अल्पसंख्य झाले. आज त्यांच्या फळ्या छोट्या छोट्या कारखान्यांत बनतात. स्वित्झर्लंडमध्ये केसलर, कोलोराडोत डोनेक, कॅनडात कॉइलर. एकेक कारागीर गिऱ्हाइकाचं वजन, बुटाचा नंबर विचारून फळी बांधतो, आपल्याकडं चपलेचा कारागीर पायाचं माप घेऊन कापशी बांधतो तशी. ज्या खेळाला जगात गर्दी नाही, तिथं माणूस कुठल्या मोहल्ल्यातून आला हे कोण विचारतो? विचारतात ते एवढंच, तुझी रेघ बघू.

दक्षिण कोरियाचा ली सांग-हो हा मुलगा डोंगराळ भागात कोबीच्या शेतावर केलेल्या बर्फाच्या उतारावर शिकला. आजही त्याला तिकडं ‘कोबीवाला पोरगा’ म्हणतात. 2018 च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारच्या अरुंद फळीवर समांतर जायंट स्लॅलममध्ये त्यानं रौप्यपदक घेतलं. कोबीचं शेत! आम्ही ऊसवाले आहोत, आम्हाला तरी शेताची लाज नसावी.

बर्फाचंच म्हणाल, तर आरिफ खान गुलमर्गच्या बाजूचा. वडिलांचं तिथं स्कीच्या सामानाचं दुकान. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारतातून गेलेला तो एकटा खेळाडू होता. तिरंगा त्याच्याच हातात होता. जायंट स्लॅलममध्ये त्याचा पंचेचाळिसावा नंबर आला. आमच्यापैकी किती जणांनी त्याचं नाव ऐकलं आहे? त्याची फळी दोन पायांची, स्की. भाच्याची एका फळीवाली. पण धारेचं गणित दोन्हीकडं एकच. भाचा म्हणतो, गुलमर्गच्या वरच्या भुसभुशीत बर्फात त्याची अरुंद फळी रुतेल, तिथं रुंदच हवी, अरुंदला दाबलेला कडक उतार लागतो. म्हणजे आपल्या देशात बर्फ आहे, माणूस आहे. ‘आपल्या लोकांचं काम नाही’ ही भिंत फक्त आपल्या डोक्यात आहे.

इथं दोन शब्द माझ्या बिगरमुस्लिम वाचकांशीही. तुमच्या वर्तमानपत्रांत, तुमच्या चर्चांत आमचा पोरगा दोनच रूपांत येतो. एक तर तो बिचारा असतो, नाहीतर संशयित. त्याच्याविषयी कळवळा असणारेही त्याच्या अडचणीच विचारतात, त्याचा छंद कुणी विचारत नाही. पाचव्या वळणाला पडून खो-खो हसणारा मुस्लिम पोरगा तुम्ही शेवटचा कधी वाचलात? आणि आमच्याही लोकांनी हीच दोन रूपं खरी धरली. पोरानं शिकावं, कमवावं, जपून राहावं. ‘आपल्याला हे परवडत नाही’ हे वाक्य आमच्या घरांत पैशांपेक्षा भीतीनं जास्त बोललं जातं.

आता पाचवी गोष्ट, जी आक्षेप नाही, बचाव आहे, आणि मला तोही नको आहे. माझ्या एका मित्रानं हे सगळं ऐकून म्हटलं, “मग त्याला स्पर्धेत उतरू दे. पदक आणलं तर सगळे गप्प बसतील.” बसतील ना. आपण कोल्हापूरकर त्यात पटाईत. राधानगरीतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य आणलं, आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या जिल्ह्याला ‘पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन’ म्हणजे काय ते कळायला लागलं. त्याआधीची त्याची वर्षं कुणी मोजली होती?

खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला गेले, कुस्तीत कांस्य घेऊन आले. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण त्या गोष्टीतला माझा माणूस दुसरा आहे. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर. विद्यार्थ्याला पाठवायला पैसे कमी पडले, तेव्हा त्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हे त्यांनी पदक आल्यावर नाही, पदकाआधी केलं. हार घालायला गाव असतं, घर गहाण ठेवायला एक मास्तर असतो. खाशाबा रिकाम्या हातानं परतले असते, तर खर्डेकर चुकले असते का? माझ्या मते नाही. जो त्यांना चुकलं म्हणेल, त्याला पदक कळलं असेल, शिक्षण कळलेलं नाही.

माझा भाचा कधी स्पर्धेत उतरणार नाही. तिशीला आला आहे, सुरुवातच उशिरा झाली. त्याला कुठलंही पदक, सर्टिफिकेट, क्रीडा कोट्यातली नोकरी मिळणार नाही. म्हणूनच त्याचा नाद मला महत्त्वाचा वाटतो. तिथं त्याला रेघेशिवाय काही मिळत नाही, आणि संध्याकाळपर्यंत ती रेघही पुसली जाते.

‘मग व्यसनात आणि यात फरक काय?’ असं आपानं नंतर विचारलं, आणि तिचा प्रश्न रास्त होता. फरक सांगतो. माझ्या वर्गातली पोरं रात्री दोनपर्यंत रील बघतात. त्यात पडणं नाही, उठणं नाही, शिकवणारा नाही, कालच्यापेक्षा आज काही जास्त येत नाही. सकाळी विचारलं काय पाहिलंस, तर सांगता येत नाही. भाच्याला विचारलं, तर तो दीड तास सांगतो. कोणत्या पायावर भार आधी येतो, नजर वळणाच्या कुठल्या टोकाला ठेवायची, थंडीनं बर्फाची जात कशी बदलते. आदल्या रात्री तो दहाला झोपतो, फळीची धार घासतो, तळाला मेण लावतो. नादानं त्याला वक्तशीर केलं, जे त्याच्या बापाला आणि मला वीस वर्षांत जमलं नव्हतं. पोराला कशाचं वेड आहे हे पाहू नका, त्या वेडानं तो वाढतो आहे की झिजतो आहे ते पाहा.

आमच्या परिसराला हे नवं सांगायला नको होतं. शेजारी वारणेला तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखाना काढला, आणि त्याच माणसानं शेतकऱ्यांच्या पोरांचा बालवाद्यवृंद उभा केला. उसाच्या पट्ट्यात व्हायोलिनचा काय उपयोग, असं तेव्हाही कुणी विचारलं असणारच. त्या पोरांची वाद्यं लांबलांबच्या शहरांत वाजली. साखरेनं पोट भरलं, पण परगावी वारणेचं नाव निघालं की लोकांना ती वाजवणारी पोरं आठवतात.

आता माझं स्वतःचं. एवढा वेळ दुसऱ्यांवर कोरडे ओढले, एक माझ्या पाठीवर.

पंधरा वर्षांपूर्वी सातवीत एक मुलगा होता. वडील गवंडी. त्याला कुठून तरी चाकाच्या जुन्या स्केट्स मिळाल्या होत्या, एक बूट मोठा, त्यात फडकं कोंबलेलं. शाळा सुटली की गावाबाहेरच्या उताराच्या रस्त्यावर हा पोरगा. वळणावर असा कलायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. मी एकदा थांबून पाहिलं होतं, मला आठवतं. आणि मला ते आवडलं होतं, हेही आठवतं. तिमाहीला तो गणितात नापास झाला. मी वडिलांना बोलावलं, सगळ्यांसमोर म्हटलं, “नादाला लागलाय, स्केट्स काढून घ्या.” त्यांनी घेतल्या. गणितात तो पुढंही काठावरच पास होत राहिला. स्केट्स गेल्यानं गणित आलं नाही. फक्त शाळा सुटल्यावर तो उतारावर दिसेनासा झाला.

मला दुसरं काय करता आलं असतं? रस्त्याऐवजी शाळेच्या मैदानातला सिमेंटचा तुकडा देता आला असता. हेल्मेटची सोय करता आली असती. वळणात का कलावं लागतं, हे विज्ञानाच्या तासाला त्यालाच फळ्यापाशी उभं करून विचारता आलं असतं. तो वर्गातला एकटा मुलगा होता ज्याला ते अंगानं माहीत होतं. मी यातलं काही केलं नाही. मी मार्कांची वही बघत होतो.

फोन झाल्यानंतरच्या आठवड्यात बाजारात तो भेटला. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, बरं चाललं आहे. मी त्याला म्हटलं, “तुझ्या स्केट्स मी काढून घ्यायला लावल्या, ते माझं चुकलं.” त्याला क्षणभर कळेना. मग हसला, “सोडा की सर, लहानपणीचा नाद तो. तुम्ही बरोबरच होता.”

मी बरोबर नव्हतो. तो विसरला म्हणून मी सुटत नाही.

म्हणून मागणं एवढंच. कोडोलीत बर्फ पाडा असं मी म्हणत नाही. पालकांनो, पोराला कशाचा नाद लागलेला दिसला, तर पहिलं वर्षभर ‘उपयोग काय’ विचारू नका. ‘दाखव’ म्हणा. दाखवताना तो काय सांगतो ते ऐका, वाढतो आहे की झिजतो आहे ते तिथंच कळेल. पोरीलाही हाच नियम. तिचा नाद तर आम्ही उंबऱ्याच्या आतच मारतो, तिच्या पायाला चाक लागायच्या आधी. आणि मास्तर लोकहो, पीटीचा तास गणिताला उसना देणं बंद करा. मी माझ्यापुरतं केलं आहे. वर्ग मैदानावर असतो, मी कडेला उभा असतो. परवा कुणीतरी माझी तक्रारही केली म्हणे.

आपानं काल परत विचारलं, “भाई, समजावलंस का त्याला?”

मी म्हटलं, “हो. धार नीट लाव, हेल्मेट घाल, आणि पुढच्या हिवाळ्यात पाचव्या वळणाचा व्हिडिओ पाठव.”